संशयित संगणकाची साक्ष

घरातील संगणक काही दिवस ओढत-ओढत चालू लागतो, ब्राउझर उघडताच नेहमीच्या पानाऐवजी भलतेच पान समोर येते, एखाद्या सकाळी दूरच्या आप्ताचा फोन येतो आणि ‘तुमच्या नावाने आलेल्या ईमेलबरोबर ही कसली फाइल पाठवली आहे?’ अशी विचारणा होते; आणि मग, आपल्या संमतीवाचून शिरून आपल्याच अहितासाठी राबणारी एखादी घातक आज्ञावली, ज्याला आज सर्वत्र मालवेअर म्हणतात ते, या यंत्रात आले असावे अशी शंका घरात प्रथम बोलून दाखविली जाते. अशा वेळी बहुतेक घरांतून दोहोंपैकी एक गोष्ट घडते. एक तर ‘चालतोय तोवर चालू द्या’ म्हणून ती शंका बाजूस सारली जाते, नाही तर भयाच्या भरात इंटरनेटवर सापडेल ते ‘मोफत क्लीनर’ उतरवून घेतले जाते आणि जो अनर्थ कदाचित झालाच नव्हता त्याला घराचे दार आपल्या हाताने उघडून दिले जाते. वास्तविक शंका म्हणजे केवळ फिर्याद. तिच्यावर निकाल देण्यापूर्वी रीतसर तपास व्हावयास हवा, आणि त्या तपासाला एक ठरलेला क्रम आहे. तो क्रम का ठरला, हे ज्याला उमगले त्याला कोणत्याही नव्या मालवेअरचे नाव ठाऊक नसले तरी फारसे अडत नाही.

१. फितूर साक्षीदार

संगणकाची तपासणी संगणकाच्याच साहाय्याने करावी लागते, हा या तपासातील मूळ पेच होय. पडद्यावर दिसणारी फायलींची यादी, त्या क्षणी चालू असलेल्या आज्ञावल्यांची यादी, अँटिव्हायरसने दिलेला ‘सर्व सुरक्षित’ असा हिरवा शेरा, हे सारे कार्यप्रणालीने दिलेले जबाब आहेत. आणि ज्या घातक आज्ञावलीने त्या कार्यप्रणालीवरच आपला अंमल बसविला, तिला हे जबाब हवे तसे वदवून घेता येतात.

ही युक्ती अलीकडची नाही. आयबीएम पीसी जातीच्या संगणकांवर पसरलेला पहिला व्हायरस म्हणून ज्याची गणना होते, तो ‘ब्रेन’ लाहोर येथील बासित व अमजद फारूक अल्वी या बंधूंनी १९८६ साली प्रसृत केला. संगणक सुरू होताना फ्लॉपीचा जो भाग सर्वप्रथम वाचला जातो त्या बूट सेक्टरमध्ये तो ठाण मांडून बसे. परंतु कोणी तपासणीसाठी तोच भाग वाचू लागला, तर स्मृतीत जागा असलेला ब्रेन ती विनंती वाटेतच अडवी आणि अन्यत्र जपून ठेवलेली मूळची निर्दोष प्रत पुढे करी. त्यामुळे बाधित संगणकावर तपासलेली फ्लॉपी स्वच्छ दिसे, आणि तीच फ्लॉपी निर्दोष संगणकावर लावली की दोष तत्काळ उघड होई.

पुढे २००५ सालच्या ऑक्टोबरात विंडोजच्या अंतरंगाचे जाणकार मार्क रसिनोविच यांनी हीच विसंगती अधिक शास्त्रशुद्ध रीतीने पकडली. त्यांनी तयार केलेले साधन दोन याद्या करी: एक विंडोजला विचारून मिळालेली, आणि दुसरी डिस्कवरील कच्च्या नोंदी थेट वाचून सिद्ध केलेली. स्वतःच्या संगणकावर ते चालविले असता, दुसऱ्या यादीत असलेल्या काही फायली पहिलीतून गायब असल्याचे त्यांना आढळले. त्या लपविणारी आज्ञावली सोनी बीएमजी कंपनीच्या एका संगीत-सीडीमधून आलेली होती, आणि ज्या नावाचा प्रारंभ डॉलरचे चिन्ह, एस, वाय, एस आणि पुन्हा डॉलरचे चिन्ह असा होतो, अशी प्रत्येक फाइल ती विंडोजच्या नजरेआड करीत होती. लोकक्षोभ इतका झाला की कंपनीला त्या सीडी बाजारातून परत घ्याव्या लागल्या.

तिसरा दाखला २००८ च्या नोव्हेंबरात प्रकट झालेल्या ‘कॉन्फिकर’चा. हे मालवेअर शिरलेल्या संगणकावरून अँटिव्हायरस कंपन्यांची संकेतस्थळे उघडतच नसत आणि विंडोजची अद्यतने बंद पडत. बाकी सारे इंटरनेट मात्र बिनदिक्कत चाले. संशोधकांनी या लबाडीचाच पुरावा म्हणून उपयोग केला. त्यांनी एक साधे पान तयार केले. त्याच्या वरच्या ओळीत सुरक्षा-संस्थांच्या संकेतस्थळांवरून येणारी बोधचिन्हे होती, खालच्या ओळीत अन्य स्थळांवरून येणारी. खालची ओळ दिसते आणि वरची दिसत नाही, एवढ्यावरून सामान्य माणसालाही आपल्या यंत्राचे निदान करता येऊ लागले.

या तिन्ही दाखल्यांतून एकच नियम निष्पन्न होतो, आणि या प्रकरणातील पुढील प्रत्येक सूचना त्या नियमाचाच विस्तार आहे: संशयित संगणक स्वतःविषयी जे सांगेल त्याची खातरजमा शक्य तेथे त्याच्याबाहेरून करून घ्यावी.

२. फिर्याद खरी की खोटी?

संगणक मंदावणे ही सर्वांत अधिक ऐकू येणारी तक्रार, आणि मालवेअरचा पुरावा म्हणून सर्वांत दुबळी. पंख्याच्या जाळीत धूळ साचली की प्रोसेसर तापतो आणि स्वतःस जपण्यासाठी आपली गती आपणच कमी करतो. डिस्क काठोकाठ भरली की विंडोजला तात्पुरत्या कामाला जागा उरत नाही. जुनी, फिरत्या तबकड्यांची हार्ड डिस्क झिजू लागली की एखादी फाइल उघडावयास मिनिट-मिनिट लागते आणि कधी टकटक असा आवाजही येतो. अशा डिस्कवर व्हायरस शोधत बसण्यात जो वेळ जातो तेवढ्यात तीवरील छायाचित्रे कायमची हातची जाऊ शकतात, म्हणून तेथे प्रथम कर्तव्य महत्त्वाच्या फायली अन्यत्र उतरवून घेणे हेच. दिवाळीच्या सुटीनंतर पुष्कळ दिवसांनी सुरू केलेला संगणक पहिला तासभर साचलेली अद्यतने उतरवून घेण्यात गुंतलेला असतो, तोही प्रकार निर्दोष होय.

दुसरी खोटी फिर्याद याहून घातक, कारण ती मुद्दाम रचलेली असते. ब्राउझरमध्ये एकाएकी सारा पडदा व्यापणारे लाल पान येते, कर्कश आवाज सुरू होतो, ‘तुमचा संगणक कुलूपबंद झाला आहे, या क्रमांकावर तातडीने संपर्क साधा’ असा मजकूर दिसतो आणि पान बंद करू पाहिले तर बंद होत नाही. येथे संगणकात बहुधा काहीच शिरलेले नसते. ते केवळ एक वेबपान असते, आणि त्या क्रमांकावरील इसमाच्या सांगण्यावरून दूरनियंत्रणाची आज्ञावली बसविली की खरा अपराध तेव्हा सुरू होतो. मायक्रोसॉफ्टच्या अस्सल सूचनेत दूरध्वनी क्रमांक नसतो, एवढे घरातील प्रत्येकाने लक्षात ठेवले तरी पुष्कळ हानी टळेल. अशा वेळी टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करावा आणि तो पुन्हा उघडताना ‘आधीची पाने पुन्हा आणू का?’ या पृच्छेला नकार द्यावा.

याच जातीचा एक सौम्य प्रकार पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात दिसतो. ‘पाच व्हायरस सापडले’ अशी चौकट दर दहा मिनिटांनी वर येते, तीवर प्रख्यात अँटिव्हायरसचे चिन्हही असते. परंतु बारकाईने पाहिल्यास चौकटीत बारीक अक्षरांत ब्राउझरचे आणि एखाद्या अपरिचित संकेतस्थळाचे नाव आढळते. कोणे एके काळी घरातील कोणीतरी चित्रपट किंवा क्रिकेटचा सामना पाहण्याच्या गडबडीत त्या स्थळाला ‘अलाऊ’ म्हणून सूचना पाठविण्याची मुभा दिलेली असते. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ती मुभा काढून घेतली की प्रकरण तेथेच मिटते.

याउलट काही लक्षणे अशी आहेत की त्यांची दखल तत्काळ घ्यावी. अँटिव्हायरस आपोआप बंद होतो आणि सुरू करू गेल्यास होत नाही. सुरक्षाविषयक संकेतस्थळे तेवढी उघडत नाहीत. आपण न लिहिलेली पत्रे आपल्या खात्यातून जातात. बँकेच्या पानावर पूर्वी कधी न विचारलेली माहिती विचारली जाते. किंवा फायलींची नावे बदलून त्यांच्या अंती अनोळखी अक्षरे लागतात आणि त्या उघडेनाशा होतात. यांतील शेवटचे लक्षण खंडणीखोर आज्ञावलीचे असून तेथे क्षणाचाही विलंब करून चालत नाही.

३. हात लावण्यापूर्वी

शंका सबळ वाटली की पहिले पाऊल म्हणजे जाळे तोडणे. वायफाय बंद करावे, नेटवर्कची केबल असल्यास ती काढावी; त्यायोगे चोरलेली माहिती बाहेर जाणे, नवे हुकूम आत येणे आणि घरातील इतर यंत्रांपर्यंत संसर्ग पोहोचणे, या तिन्ही वाटा एकदम बंद होतात. फायली कुलूपबंद होत असल्याचे डोळ्यांदेखत दिसत असेल आणि जाळे तोडताही येत नसेल, तर मात्र संगणक सरळ बंद करणे इष्ट. बॅकअपची डिस्क या वेळी चुकूनही जोडू नये. ‘आधी प्रत काढून ठेवू’ या सद्हेतूने जोडलेली डिस्कच प्रथम बळी पडते. तसेच त्या संगणकावरून बँकेच्या किंवा ईमेलच्या खात्यात प्रवेश करू नये, कारण कळफलकावरील प्रत्येक अक्षर कोणी टिपून घेत असेल अशीच समजूत धरून चालावे.

दुसरे पाऊल पंचनाम्याचे. पडद्यावर जे दिसते त्याचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे; त्रुटी-संदेशातील अचूक शब्द, फाइलचे पूर्ण नाव, तारीख आणि वेळ वहीत उतरून घ्यावी. पुढे एखाद्या जाणकाराकडे किंवा पोलिसांकडे जावे लागले तर ‘काहीतरी इंग्रजीत आले होते’ या सांगण्याचा काही उपयोग होत नाही.

तिसरे पाऊल घरातील माणसांचे जबाब घेण्याचे, आणि ते सर्वांत फलदायी असते. पहिली खूण कोणत्या दिवशी दिसली, त्याच्या आदल्या एक-दोन दिवसांत काय नवीन बसविले, कोणाचा पेन ड्राइव्ह लावला, कुरिअरच्या किंवा वीजबिलाच्या नावाने आलेली कोणती फाइल उघडली, एखादे महागडे सॉफ्टवेअर ‘क्रॅक’ करून घेतले काय, आणि ते बसविताना अँटिव्हायरस थोडा वेळ बंद ठेवण्यास सांगितले होते काय, हे शांतपणे विचारावे. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे आले, तर बहुधा तपासाची दिशा तेथेच निश्चित होते.

एक सोपी पडताळणी याच टप्प्यावर करावी. जी भलती पाने संगणकावर दिसतात तीच घरच्या वायफायवर चालणाऱ्या मोबाइलवरही दिसतात काय? दिसत असतील, आणि मोबाइलच्या स्वतःच्या डेटावर दिसत नसतील, तर संशय संगणकावरून राउटरकडे वळतो. संकेतस्थळाच्या नावाचे अंकात्मक पत्त्यात रूपांतर करणाऱ्या डीएनएस व्यवस्थेची नोंद बदलली की माणूस योग्य नाव लिहूनही अयोग्य ठिकाणी पोहोचतो. ‘डीएनएसचेंजर’ या मालवेअरने नेमके हेच केले होते. २०११ च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या एफबीआयने ते चालविणारी टोळी उघडकीस आणली तेव्हा शंभराहून अधिक देशांतील सुमारे ४० लाख संगणक तिच्या कह्यात असल्याचे जाहीर झाले. आणि त्या सर्वांचे इंटरनेट एकाएकी तुटू नये म्हणून टोळीच्या सर्व्हरांच्या जागी निर्दोष सर्व्हर बसवून ते ९ जुलै २०१२ पर्यंत चालू ठेवावे लागले.

४. दप्तराची तपासणी

आता संगणकाच्या अंतरंगात पाहावयास हरकत नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो आणि चालू असलेल्या आज्ञावल्यांची यादी समोर येते. ती प्रथम पाहणारा गोंधळतो, कारण ‘एसव्हीसीहोस्ट’ हे एकच नाव तीत डझनावारी आढळते. ते अस्सल आहे. विंडोजच्या अनेक अंतर्गत सेवा त्याच्याच छत्राखाली चालतात, आणि २०१७ नंतरच्या विंडोज १० मध्ये पुरेशी स्मृती असलेल्या संगणकांवर बहुतेक सेवांना स्वतंत्र नोंद मिळू लागल्यामुळे ही संख्या वाढलेली दिसते. तोतया ओळखावयाचा तो नावावरून नव्हे, पत्त्यावरून. नोंदीवर उजवी कळ दाबून ‘ओपन फाइल लोकेशन’ निवडले असता अस्सल फाइल विंडोजच्या सिस्टम३२ या फोल्डरात, किंवा क्वचित त्याच्याच जोडीच्या सिसवाऊ६४ या फोल्डरात सापडते. तीच जर टेम्प किंवा ॲपडेटा यांसारख्या फोल्डरात सापडली, अथवा नावातील ‘ओ’च्या जागी शून्य असल्याचे दिसले, तर संशयाला बळकट आधार मिळाला असे समजावे.

संगणक बंद करून पुन्हा सुरू केला तरी आपण पुन्हा उभे राहावे अशी व्यवस्था बहुतेक मालवेअरला करून ठेवावीच लागते, आणि त्याची खरी दुखरी नस हीच होय. स्टार्टअपची यादी, रजिस्ट्रीतील ‘रन’ या नावाच्या नोंदी, टास्क शेड्युलरमधील वेळापत्रकावरची कामे आणि विंडोजच्या सेवा, ही अशा नोंदींची मुख्य ठिकाणे. ती एकेक धुंडाळण्याऐवजी रसिनोविच व त्यांचे सहकारी ब्राइस कॉग्सवेल यांनी निर्माण केलेले आणि आज मायक्रोसॉफ्टकडून मोफत मिळणारे ‘ऑटोरन्स’ हे साधन ती सर्व एकत्र दाखविते. मायक्रोसॉफ्टच्या नोंदी झाकून ठेवण्याची सोय त्यात आहे. ती वापरली की शेकडो ओळींतून तपासण्याजोग्या थोड्याच उरतात. ज्या नोंदीला प्रकाशकाची डिजिटल स्वाक्षरी नाही, जिचे नाव अर्थहीन अक्षरांचे आहे आणि जी पहिली खूण दिसली त्याच दिवशी निर्माण झाली आहे, तिच्यापुढची खूण काढून ती तूर्त निलंबित करावी. एकदम पुसून टाकू नये, कारण अंदाज चुकला तर ती पूर्ववत करता आली पाहिजे.

ब्राउझरचे दप्तर वेगळे असते. आपण न बसविलेली एक्स्टेन्शन, बदललेले शोधयंत्र, आणि घरगुती संगणकावरही ‘हा ब्राउझर आपल्या संस्थेच्या व्यवस्थापनाखाली आहे’ असा दिसणारा मजकूर, या तीन गोष्टी तेथे पाहाव्यात. तिसरीचे कारण क्वचित एखादा प्रामाणिक अँटिव्हायरसही असू शकतो. त्यानंतर विंडोजच्या नेटवर्क सेटिंग्जमधील प्रॉक्सीचा रकाना आणि ‘होस्ट्स’ नावाची छोटी मजकूर-फाइल पाहावी. घरच्या संगणकावर त्या फाइलीत सामान्यतः हॅशच्या (#) चिन्हाने सुरू होणाऱ्या निरुपद्रवी ओळीच असतात. तेथे बँकेचे किंवा अँटिव्हायरस कंपनीचे नाव एखाद्या अंकात्मक पत्त्यापुढे लिहिलेले आढळले, तर वाट कोणी आणि कशी वळविली याचा लेखी पुरावाच हाती आला.

५. पेन ड्राइव्हमधील फोल्डर

आपल्याकडे ज्या बाधेशी सर्वाधिक लोकांची गाठ पडली आहे तिचा तपशील येथे जरा विस्ताराने पाहण्याजोगा आहे. परीक्षेचा अर्ज किंवा सातबाराचा उतारा छापून घेण्यासाठी पेन ड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात नेला जातो, तेथील संगणकाला लावला जातो, आणि घरी येऊन उघडून पाहावे तो प्रत्येक फोल्डराच्या चित्राच्या कोपऱ्यात एक लहानसा बाण आलेला असतो. त्यावर क्लिक केले तर फोल्डर उघडतो, आतील फायलीही दिसतात, आणि म्हणून पाहणाऱ्याला वाटते की फारसे काही बिघडलेले नाही. बिघाड नेमका त्या क्लिकने झालेला असतो. ज्यावर क्लिक केले तो फोल्डर नसून शॉर्टकट असतो. त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘टार्गेट’चा रकाना वाचला तर तेथे फोल्डराच्या नावाच्या आधी विंडोजच्या आज्ञा-खिडकीला दिलेला एक हुकूम आढळतो: प्रथम पेन ड्राइव्हवर दडविलेली एक स्क्रिप्ट चालव, आणि मग मालकाला त्याचा फोल्डर उघडून दाखव.

हा प्रकार एवढा का फोफावला याचेही कारण आहे. पूर्वी पेन ड्राइव्ह लावताच त्यावरील आज्ञावली आपोआप चालू होई. ही सोय कॉन्फिकरसारख्यांनी पुरेपूर वापरल्यावर मायक्रोसॉफ्टने ती विंडोज ७ मध्ये पेन ड्राइव्हपुरती रद्द केली आणि २०११ च्या फेब्रुवारीत जुन्या विंडोजसाठीही तसे अद्यतन सर्वत्र पाठविले. यंत्राकडून आपोआप होणारे काम बंद झाले, तेव्हा ते माणसाच्या बोटाकडून करवून घेण्याची ही युक्ती पुढे आली.

मूळ फोल्डर मात्र जागच्या जागीच असतात. त्यांना ‘हिडन’ व ‘सिस्टम’ हे दोन गुणधर्म लावून अदृश्य केलेले असते. एक्सप्लोररच्या पर्यायांत लपविलेल्या तसेच संरक्षित सिस्टम-फायली दाखविण्याची सोय सुरू केली की ते फिकट रंगात दिसू लागतात. आज्ञा-खिडकीतील ‘अ‍ॅट्रिब’ या जुन्या आज्ञेने ते दोन्ही गुणधर्म काढून घेता येतात. त्यानंतर शॉर्टकट व स्क्रिप्ट पुसून टाकावी. परंतु या कृतीचा क्रम चुकला तर सारे श्रम वाया जातात. संगणकात शिरलेली स्क्रिप्ट जोवर जिवंत आहे तोवर पेन ड्राइव्ह साफ होताच ती तो पुन्हा बाधित करते; म्हणून आधी ऑटोरन्समधून तिची नोंद निलंबित करावी, संगणक पुन्हा सुरू करावा, आणि मगच पेन ड्राइव्हला हात घालावा. ‘कितीही वेळा फॉर्मॅट केला तरी व्हायरस परत येतो’ ही जी सार्वत्रिक तक्रार, तिचे मूळ बहुतेक वेळा या उलट्या क्रमात असते.

६. बाहेरची चौकशी

इतके झाल्यावरही जबाब त्याच यंत्राचे आहेत, हे विसरता येत नाही. म्हणून पुढची तपासणी अशा स्थितीत करावी की संशयित कार्यप्रणाली जागीच नसेल. विंडोजमध्ये अंगभूत असलेल्या डिफेंडरला ‘ऑफलाइन’ तपासणीचा पर्याय आहे. तो निवडला की संगणक पुन्हा सुरू होतो आणि नेहमीचे विंडोज उभे राहण्यापूर्वीच डिस्क तपासली जाते. अनेक अँटिव्हायरस कंपन्या पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करणारी बचाव-साधने मोफत देतात. तो पेन ड्राइव्ह दुसऱ्या, निर्दोष संगणकावर तयार करावा. ब्रेनची बाधा जी रीत उघड करी, तिचेच हे आजचे रूप.

या क्षेत्रात महाराष्ट्राचाही वाटा आहे. पुण्यात कॅल्क्युलेटरदुरुस्तीपासून प्रारंभ करून कैलास व संजय काटकर या बंधूंनी १९९० च्या दशकात ‘क्विक हील’ हा अँटिव्हायरस निर्माण केला आणि तो देशभर घरोघरी पोहोचला. सरकारी पातळीवर सर्ट-इन या संस्थेच्या विद्यमाने २०१७ च्या फेब्रुवारीत ‘सायबर स्वच्छता केंद्र’ सुरू झाले असून तेथून सामान्य नागरिकांना सफाईची साधने विनामूल्य मिळतात.

तथापि अँटिव्हायरसचा शेरा हाही अंतिम मानू नये. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफी कंपनीच्या एका सदोष अद्यतनाने विंडोज एक्सपीमधील अस्सल एसव्हीसीहोस्ट फाइललाच व्हायरस ठरविले, आणि जगभरातील असंख्य संगणक पुनःपुन्हा बंद पडू लागले. यास्तव एकाच साधनाने एखाद्या फाइलवर ठपका ठेवला तर ती पुसण्याऐवजी विलग कक्षात ठेवावी आणि दुसरे मत घ्यावे. व्हायरसटोटल या संकेतस्थळावर एकच फाइल अनेक अँटिव्हायरसांकडून एकाच वेळी तपासून मिळते. मात्र तेथे दिलेली फाइल इतरांच्याही हाती जाऊ शकते, म्हणून आधार कार्ड, मृत्युपत्र, बँकेचे विवरण असे खासगी कागद तेथे देऊ नयेत.

७. निकाल

तपासाअंती दोनच निकाल संभवतात, आणि त्यांतील निवड कठीण असली तरी टाळता येत नाही. जाहिराती दाखविणारे एक्स्टेन्शन, सूचनांची मुभा, शॉर्टकटची स्क्रिप्ट, असा ओळखीचा आणि मर्यादित अपराध असेल, त्याची प्रत्येक नोंद सापडली असेल आणि पुढील आठवडाभर एकही खूण पुन्हा दिसली नसेल, तर सफाई पुरेशी मानावी. परंतु परक्याने दूरनियंत्रण मिळविले होते, प्रशासकाचे अधिकार त्याच्या हाती गेले होते, अथवा काढलेली नोंद दोनदा परत आली, तर ते यंत्र मुळापासून पुसून विंडोज नव्याने बसविणे हाच एक भरवशाचा उपाय उरतो. युनिक्सचे एक जनक केन टॉम्सन यांनी ट्युरिंग पारितोषिकाच्या व्याख्यानात, जे १९८४ साली प्रसिद्ध झाले, असे दाखवून दिले की आज्ञावली घडविणारे साधनच जर दूषित केले, तर तिच्या मूळ मजकुरात दोषाचा मागमूसही न राहता ती सदोष निपजते. सखोल बाधा झालेल्या यंत्राला उद्देशून ‘आता स्वच्छ झाले’ असे कोणीही शपथेवर सांगू शकत नाही, आणि विश्वासाची नव्याने स्थापना करावयाची तर ती बाहेरून आणलेल्या निर्दोष प्रतीवरूनच करावी लागते. ती प्रत मायक्रोसॉफ्टच्याच स्थळावरून दुसऱ्या संगणकाच्या साहाय्याने पेन ड्राइव्हवर घ्यावी, डिस्कवरील सर्व विभाग पुसावेत, आणि बॅकअपमधून छायाचित्रे व कागदपत्रे तेवढी परत आणावीत. आज्ञावल्या मात्र मूळ ठिकाणाहून नव्याने घ्याव्यात.

फायली खंडणीखोराने कुलूपबंद केल्या असतील तर पैसे पाठविण्याची घाई करू नये. पैसे देऊनही किल्ली मिळेलच याची हमी नसते. युरोपोल, डच पोलीस आणि दोन सुरक्षा कंपन्या यांनी २०१६ च्या जुलैत सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या उपक्रमात अनेक जुन्या खंडणीखोर आज्ञावल्यांच्या किल्ल्या मोफत उपलब्ध आहेत. आज नसलेली किल्ली पुढे कधी मिळू शकते, म्हणून कुलूपबंद फायली पुसण्याआधी त्यांची प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवून द्यावी.

यंत्र निर्दोष झाले तरी काम संपत नाही, कारण जे बाहेर गेले ते गेलेच. सर्व पासवर्ड दुसऱ्या, विश्वासू यंत्रावरून बदलावेत. प्रारंभ ईमेलपासून करावा, कारण इतर खात्यांच्या पासवर्डांची वाट तेथूनच जाते. प्रत्येक खात्यात ‘सर्व उपकरणांवरून बाहेर पडा’ हा पर्यायही वापरावा; पुष्कळ चोर आज्ञावल्या पासवर्डाबरोबर ब्राउझरमधील चालू प्रवेशाची खूणही नेतात, आणि ती जोवर रद्द होत नाही तोवर नव्या पासवर्डाने त्यांचे काही अडत नाही. पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय साहाय्य-क्रमांकावर आणि बँकेला ताबडतोब कळवावे. रक्कम पुढच्या खात्यांत वळती होण्यापूर्वी ती गोठविता येणे हे सर्वस्वी वेळेवर अवलंबून असते. परक्याच्या संगणकात व्हायरस सोडणे हे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ मध्ये स्पष्टपणे नमूद केलेले कृत्य आहे. फिर्याद देणाऱ्याने संकोच करण्याचे कारण नाही.

८. बंदोबस्त

पुढील बंदोबस्ताच्या गोष्टी थोड्या आहेत, पण त्यांचा परिणाम मोठा आहे. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर आज्ञावलीने जगभर जो हाहाकार माजविला, त्याची वाट बंद करणारे अद्यतन मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षीच्या मार्चमध्ये प्रसिद्ध केलेले होते; ज्यांनी ते घेतले नव्हते त्यांच्यावर प्रसंग ओढवला. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्यामुळे ते वापरणाऱ्या घरांनी पुढची सोय पाहणे अगत्याचे आहे. रोजच्या वापराचे खाते प्रशासकाचे नसावे, म्हणजे चुकून चाललेल्या आज्ञावलीला सर्वाधिकार मिळत नाहीत. फाइलच्या नावाचा शेवटचा, तिचा प्रकार सांगणारा भाग विंडोज मुळात लपवून ठेवते. तो दाखविण्याची सोय सुरू करावी, कारण २००० सालच्या मे महिन्यात ‘आय लव्ह यू’ या मालवेअरने साधे प्रेमपत्र असल्याचा जो आभास निर्माण केला तो याच लपविण्याच्या बळावर. आणि महत्त्वाच्या फायलींच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतील एक घराबाहेर, अशी व्यवस्था असावी. डिस्कवरची प्रत काढून झाली की ती डिस्क संगणकापासून वेगळी करावी.

याहून एक बंदोबस्त मोलाचा आहे आणि तो कोणत्याही दुकानात मिळत नाही. ज्या वृद्ध वडिलांनी वीज तोडली जाईल या धमकीला भिऊन अनोळखी माणसाला संगणक हाताळू दिला, किंवा ज्या मुलाने खेळाच्या लोभाने नको ती फाइल चालविली, त्यांना घडलेले प्रथम कळते. परंतु बोलणी बसतील या धास्तीने ते दोन दिवस गप्प राहतात, आणि तेवढ्या अवधीत खाती रिकामी होतात, पत्रे जातात, बॅकअपची डिस्कही जोडली जाते. ज्या तपासात यंत्राच्या शब्दावर विसंबता येत नाही, त्यात या माणसांनी पहिल्या तासात दिलेला खरा जबाब इतर सर्व साधनांहून अधिक कामाचा ठरतो. तेव्हा घरातील कर्त्या मंडळींनी आजच, काही घडलेले नसताना, सर्वांना निक्षून सांगून ठेवावे की चूक कोणाकडूनही होऊ शकते, ती सांगणाऱ्यावर कोणी रागावणार नाही, आणि शंका आली त्याच क्षणी वायफाय बंद करून हाक मारावी.